न चाललेली टेस्ट

"ही टेस्ट तुमच्या पॅकेजमधून कधी खरोखर चालली आहे का?"

मेलमध्ये एवढंच होतं. खाली एका माणसाचं नाव आणि देवदत्तने कधी न पाहिलेल्या एका देशाचं. रागाचा एक शब्द नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं, त्याच्या चार चुका काढता येतात, निदान संध्याकाळी बायकोजवळ, हेमाजवळ, त्याच्या नावाने कुरकुर करता येते. हा गृहस्थ नुसता विचारत होता. हेमा केव्हाच शाळेत शिकवायला गेली होती. मागच्या परसात त्याचे वडील, आप्पा, कलमांच्या मोहोरावर फवारा मारत कुणाला तरी शिव्या घालत होते, बहुतेक तुडतुड्यांना. आणि देवदत्त खुर्चीत बसून त्या एका ओळीकडे बघत होता. उत्तर तसं सोपं होतं. चालली आहे, न चालायला काय झालं? कर्नलची नवी आवृत्ती आली की दर वेळी चालली आहे, आणि दर वेळी हिरवी, म्हणजे पास. त्याने 'हो' असं लिहिलं. मग ते पुसलं. मग उठून खिडकी बंद केली, आणि का बंद केली ते न कळून पुन्हा उघडली.

रत्नागिरीत घरी बसून आपण नेमकं काय करतो हे त्याला आजवर कुणाला धड सांगता आलं नव्हतं. माणूस बँकेत असावा, कोर्टात असावा, बागेत असावा, नाहीतर सरळ मुंबईला असावा. यातलं एक काही ठरलं की इथल्या लोकांचा जीव भांड्यात पडतो. बनियनवर मागच्या खोलीत बसून पगार घेणारा माणूस त्यांच्या कुठल्याच हिशेबात बसत नाही. आप्पांनी त्यावर आपल्यापुरता तोडगा काढला होता. कुणी विचारलंच तर ते "त्याचं कॉम्प्युटरचं आहे" असं म्हणत, 'त्याचं पोटाचं आहे' म्हणावं त्या सुरात, आणि ऐकणाराही मान हलवून पुढे काही विचारत नसे. काम होतं ते असं. कॉम्प्युटरच्या अगदी आत, ज्याच्यावर बाकी सगळं उभं असतं तो गाभा म्हणजे कर्नल. जगभरातले लोक त्यात रोज काहीतरी घालतात, काढतात. या घालण्या-काढण्यात नेटवर्कचं, म्हणजे एका मशीनने दुसरीशी बोलण्याचं काम बिघडलं नाही ना हे बघायला ढीगभर छोट्या छोट्या टेस्ट असतात. त्या लिहिणारे वेगळे. देवदत्तने त्या गोळा करायच्या, प्रत्येकीला लागणारं सामान तिच्याबरोबर द्यायचं, आणि सगळ्याचं एक पॅकेज बांधायचं, असं की ते कुणाच्याही मशीनवर इन्स्टॉल व्हावं आणि तिथे बिनबोभाट चालावं. टेस्ट लिहिणारा आपल्या घरात बसून लिहितो. मीठ कुठे, तेल कुठे, त्याला न बघता सापडतं. बांधणाऱ्याने परक्या घराचा विचार करायचा असतो. हे आपल्याला येतं असं देवदत्त समजत होता, आणि पगार देणारेही समजत होते.

मेलमधली टेस्ट तर त्याच्या विशेष आवडीची. एकाच मशीनच्या पोटात बोलणारी दोन टोकं उभी करायची. बाहेर काहीच जात नाही. जे काही बोलणं व्हायचं ते घरातल्या घरात. बोलणं रंगात आलं की एक टोक गप्प करायचं. निरोप नाही, भांडण नाही, तार तुटल्याची खूण नाही, नुसतं गप्प. मग दुसऱ्या टोकाला हे कळतं का, कधी कळतं, आणि कळल्यावर ते काय करतं, एवढंच बघायचं. पहिल्यांदा वाचली तेव्हा त्याला गंमत वाटली होती, की यालाही टेस्ट लागते! समोरचा गप्प झाला हे कळायला काय लागतं?

त्याने एक कोरी मशीन उभी केली. खरी नव्हे, आपल्याच मशीनच्या आत उभी करतात तशी, जिच्यावर कुणाचा हात लागलेला नाही अशी. तिच्यावर स्वतःचंच पॅकेज पाहुण्यासारखं इन्स्टॉल केलं. चालवलं. हिरवं. नापास शून्य. त्याला हायसं वाटलं, आणि लगेच खटकलं, की सगळं फार लवकर संपलं होतं. मग जो लांबलचक तपशील कुणीच वाचत नाही, तो उघडून तो वाचू लागला. टूल सापडलं नाही, टेस्ट वगळली. खाली पुन्हा तेच. त्याच्या खाली पुन्हा तेच. या टेस्टला आणि तिच्या बहिणींना एक टूल लागत होतं. ते पॅकेजमध्ये नव्हतं. टेस्ट पडली नव्हती, ओरडली नव्हती. आत डोकावून, लागणारी वस्तू नाही म्हटल्यावर आल्या पावली परत गेली होती, आणि जाताना तसं लिहूनही गेली होती. बघणाऱ्याने बघायला हवं होतं. पण निकालाची बेरीज करणारं स्क्रिप्ट देवदत्तनेच लिहिलेलं, आणि ते फक्त नापास मोजत होतं. नापास कुणी नाही म्हणजे सगळं छान. त्याच्या स्वतःच्या मशीनवर ते टूल होतं. फार मागे कधीतरी त्याने ते हाताने बांधून एका कोपऱ्यात टाकलं होतं आणि साफ विसरून गेला होता. म्हणून इथे ती टेस्ट खरोखर चालायची. फक्त इथे.

कधी बांधलं होतं ते? तारीख शोधली असती तर सापडली असती, पण तो शोधायला गेला नाही. तो खुर्चीत मागे रेलून आठवत बसला, आणि त्याला टूल न आठवता अपूर्वा आठवली. त्याची मुलगी तेव्हा अकरावीत होती. क्लासवरून आली की या खोलीत यायची आणि त्याच्या खुर्चीमागे जमिनीवर, भिंतीला टेकून बसायची. त्याची पाठ तिच्याकडे, तिचे डोळे मोबाइलमध्ये. स्क्रीनवर काहीतरी बांधलं जात असायचं, ओळींमागून ओळी वर सरकत असायच्या, त्याला बघत बसण्यापलीकडे काही करायचं नसायचं, आणि मागून ती बोलायची. मैत्रिणीने बोलणं टाकलं ते. फिजिक्सच्या सरांना बघितलं की घाम फुटतो ते. एकदा तर क्लास बुडवून सगळ्या आरे-वारेला गेल्या होत्या, भरती आली तेव्हा खडकावर अडकल्या, तेही तिने असंच त्याच्या पाठीला सांगितलं. तो "हं" म्हणायचा. वळून बघितलं की ती थांबते हे त्याला तेव्हा माहीत होतं का? माहीत नसावं. त्याचं आपलं काम चाललेलं असायचं म्हणून तो वळायचा नाही, एवढंच. ते टूल अशाच एखाद्या संध्याकाळी बांधलं असणार, असं त्याला वाटलं. मग वाटलं, असंच काही नाही. आपण काहीतरी जुळवतोय. टेस्टचं काय, अपूर्वाचं काय! त्याने डोळे चोळले. समोरची मशीन अजून हिरवी होती.

"काय रे देवू," आप्पा दारात उभे होते, अंगाला औषधाचा वास, हातात दोन कप. बागाईतदार माणूस, सून शाळेत गेली की दुपारचा चहा ते स्वतः करीत आणि तो फार कडू करीत. "तोंड का असं झालंय? नोकरी गेली काय?"

"नाही हो आप्पा. एक काम झालंय असं वाटत होतं. ते झालंच नव्हतं."

"मग आता कर. रडायचं काय त्यात?"

"इतके दिवस सगळ्यांना झालं म्हणून सांगत होतो."

"आणि कुणाचं काही बिघडलं?"

"माहीत नाही. तेच तर माहीत नाही."

आप्पांनी चहाचा घोट घेतला. स्वतःच केलेल्या चहाला तोंड वाकडं केलं. "अपूचा फोन आला होता काय?"

"तिचा कशाला येईल? आपणच करतो की रोज संध्याकाळी."

"हां. आपणच करतो," आप्पा म्हणाले, आणि कप तिथेच ठेवून पुन्हा मोहोराकडे गेले. त्यांच्या मनात काही होतं की त्यांनी नुसतंच म्हटलं, हे देवदत्तला कळेना. आप्पांचं कधीच कळत नाही. ते पावसालाही "हां" म्हणतात आणि मयतालाही.

अपूर्वा पुण्याला इंजिनिअरिंगला गेली तेव्हा तिची बांधाबांध या घराने काय थाटात केली होती! लोणचं, मेतकूट, कोकमाचं आगळ, गादीवरची चादर, बादली, तीन पिनांचं वायरबोर्ड. हेमा काही विसरत नाही, शाळेची सहल नेऊन नेऊन तिला सवय झालेली. देवदत्तने शेवटी सगळ्या पिशव्या उचलून बघितल्या होत्या आणि "परफेक्ट" म्हणाला होता. पॅकेज बांधणाऱ्या माणसाचं सर्टिफिकेट. तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन. जेवलीस? हो. अभ्यास? चालू आहे. झोप होते? होते. बरं, आईशी बोल. हेमाचे प्रश्न वेगळे असायचे, केसांचे, कपड्यांचे, पण उत्तरं तीच. फोन ठेवला की तो आप्पांना सांगायचा, बरी आहे. आणि आज या खुर्चीत बसून तो आठवू लागला, की तिने आपण होऊन, न विचारता, शेवटचं काय सांगितलं होतं? रूममेट घोरते म्हणाली होती; ते गणपतीत. मेसच्या आमटीत डाळ शोधावी लागते; तेही तेव्हाचंच. दिवाळीत आली होती. खूप झोपली. दमली आहे, हेमा म्हणाली. एकदा दुपारी ती याच दारात येऊन उभी राहिली. "बाबा, काम चालू आहे?" आणि त्याने, किती दिवसांनी लेक आली आहे म्हणून, हातातलं सगळं टाकून खुर्ची पूर्ण वळवली, तिच्याकडे तोंड केलं, आणि प्रेमाने म्हणाला, "बोल ना." ती त्याच्याकडे बघत राहिली. "काही नाही," म्हणाली आणि गेली. त्याला तेव्हा स्वतःचं कौतुक वाटलं होतं. मुलीसाठी काम बाजूला ठेवणारा बाप.

दिवाळीनंतरचं मात्र काही म्हणजे काही आठवेना. रोज बोलणं झालं होतं, आणि त्यातलं एक वाक्य हाताला लागत नव्हतं. असंही असेल, त्याने स्वतःला समजावलं, की सांगण्यासारखं काही घडत नसेल. अठराव्या वर्षी आपण तरी आप्पांना काय सांगत होतो? पण आपण काही सांगत नव्हतो तेव्हा आपलं बरं चाललं होतं का? हेही त्याला धड आठवेना. एका दिवसात माणसाचं सगळंच असं कसं सुटं होतं! त्याने अपूर्वाला फोन लावला. भर दुपारी तो कधी करत नसे. वाजून वाजून बंद झाला. लगेच मेसेज आला: लेक्चरमध्ये आहे. बघ, लेक्चरमध्ये आहे. त्याने फोन पालथा ठेवला आणि टूल पॅकेजमध्ये घालायला घेतलं. दोन ओळी लिहिल्या, त्या चुकल्या. उत्तर आलं होतं, ठीकठाक होतं, तातडीने आलं होतं. फार तातडीने. लेक्चरमध्ये बसलेलं माणूस इतक्या लगेच लिहितं का? आता मात्र त्याला स्वतःचीच चीड आली. मेल करणाऱ्या त्या परक्या माणसाने एक शंका डोक्यात सोडली आणि ती मुंगीसारखी घरभर फिरत होती.

रूममेट ऋतिका कोकणातलीच, लोटे गावची. तिचे वडील तिथल्या एका कंपनीत शिफ्टला. पहिल्या दिवशी हॉस्टेलच्या दारात दोन्ही बापांनी, दोघेही सारखेच बावरलेले, एकमेकांच्या मुलींचे नंबर उगाच घेऊन ठेवले होते. तो नंबर त्याने काढला आणि बराच वेळ नुसता बघितला. मुलीच्या पाठीमागे तिच्या मैत्रिणीला फोन करणं हे त्याला शोभणारं नव्हतं. अपूर्वाला कळलं तर ती रागावेल; रागावली तर बरंच, असंही एक मन म्हणालं. त्याने लावला.

"काका? बोला ना."

"काही नाही गं, सहज केला. अपूर्वा लेक्चरला आहे वाटतं. तुझ्याशेजारीच असेल ना?"

 ऋतिकाच्या मागे पोरांचा गलका होता. "लेक्चर आत्ताच सुटलं काका. ती नव्हती."

"म्हणजे आज आली नाही?"

"ती येतच नाही, काका. संक्रांतीच्या आधीपासून. रूमवर असते. मेसलापण नाही येत, मी डब्यात घेऊन जाते तिच्यासाठी. कधी खाते, कधी तसाच असतो." मग घाबरून ती म्हणाली, "तुम्हाला माहिती नव्हतं? मला वाटलं तुम्हाला सगळं माहितीच आहे. तुम्ही रोज बोलता ना तिच्याशी!"

तिच्या आवाजात दोष देणं नव्हतं. तिला खरंच तसं वाटलं होतं.

फोन ठेवून तो स्वयंपाकघरात गेला आणि फ्रीज उघडून उभा राहिला. आतला दिवा, दुधाची पिशवी, झाकलेली कसली तरी वाटी. तो कशासाठी आला होता? त्याला भीती वाटत होती, साधी, लहान मुलाला अंधाराची वाटते तशी, आणि ती भीती नेमकी कसली हे शब्दांत आणायचं धाडस होत नव्हतं. ऋतिकाचं खरं मानायचं, तर संक्रांतीच्या आधीपासूनच्या सगळ्या संध्याकाळी खोट्या ठरत होत्या. 'तिळगूळ मिळाला?' 'मिळाला, छान होता.' ते खोटं? तो आवाज त्याने ऐकला होता, हसरा होता. अपूर्वाचं खरं मानायचं, तर ऋतिका उगाच असं कशाला सांगेल? दोन्ही एकदम खरं असू शकतं का? फ्रीज पिकपिक करू लागला तेव्हा त्याने दार लावलं.

अपूर्वाने फोन कट केला. त्याने पुन्हा लावला. पुन्हा कट. तिसऱ्यांदा तिने घेतला. "बाबा, लेक्चर आहे म्हटलं ना!"

"ऋतिकाशी बोललो."

पलीकडे पंख्याचा आवाज होता. खोलीतला पंखा. देवदत्तच्या जिभेवर प्रश्नांची गर्दी झाली, आणि प्रत्येक प्रश्न त्याला आता अगदी स्पष्ट दिसला: कुठलाही विचारला तरी त्याला 'हो' किंवा 'नाही' किंवा 'ठीक' एवढंच उत्तर येणार होतं, आणि ते ऐकून आपण पुढच्या प्रश्नावर जाणार होतो. त्याला दुसरे प्रश्न येत नव्हते. बेचाळीस-पंचेचाळीसच्या बापाला ते कुठे शिकवतात?

"अपू, मला काही कळत नाहीये," तो म्हणाला. ठरवून नाही, तेवढंच खरं हाताशी होतं म्हणून.

पंख्याचा आवाज. मग ती म्हणाली, "मला पण नाही कळत." आणि मग, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तशी, "इथे मला काहीच कळत नाही, बाबा. शिकवतात ते कळत नाही. आधी वाटलं कळेल, मग खूपच मागे राहिले, मग जाऊन बसायची लाज वाटायला लागली. आता सकाळी उठायचं कशाला तेच कळत नाही. सगळ्यांना येतं सगळं. मी नापास होणार आहे. सगळ्यात."

"मग तू रोज..."

"मी खोटं नव्हते बोलत!" ती एकदम म्हणाली. "तुम्ही फोन करता ना, तेव्हा मी बरी असते. खरंच असते, तेवढा वेळ. जेवले म्हणून सांगते आणि मग ठेवल्यावर जेवते पण कधी कधी. पण मग..." आणि ती रडू लागली. इतके महिने त्याने तिचं हसणं ऐकलं होतं. रडणं ऐकून त्याला बरं वाटलं. त्याची त्याला लाजही वाटली, पोर रडते आहे आणि आपल्याला बरं वाटतं म्हणजे काय? पण वाटलं ते वाटलंच. फोनपलीकडे ती खरोखर होती.

"मी निघतोय," तो म्हणाला.

"नको ना. आईला सांगू नको."

"सांगणार. आईला घेऊनच येणार. फोन ठेवू नकोस, तसाच राहू दे चालू. बोलायला हवंच असं नाही."

ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. फोन चालू राहिला.

खोलीत जाऊन त्याने पाकीट घेतलं. स्क्रीनवर ती ओळ तशीच होती. उभ्याउभ्याच त्याने खाली लिहिलं, 'नाही. माझ्या मशीनखेरीज कुठेच नाही. दुरुस्त करतो, पण आज नाही.' आणि पाठवून दिलं. हे लिहायला सकाळपासून इतकं जड का जात होतं, ते आता त्याला समजेना. आप्पा ओटीवर येऊन उभे राहिले होते. त्याने चार वाक्यांत सांगितलं. आप्पांचा चेहरा हळूहळू लहान होत गेला.

"मी येतो," ते म्हणाले.

"तुम्हाला घाट झेपायचा नाही, आप्पा."

"मग तिला सांग की..." त्यांनी बराच वेळ शोधलं. "काही नको सांगू. जा तू. हळू चालव."

निघतानाच त्याने आप्पांच्या फोनवरून हेमाला कळवलं होतं; ती शाळेच्या फाटकाशी उभी होती, हातात पर्स आणि तपासायच्या पेपरांचा गठ्ठा, जो तिथे ठेवायचंही तिला सुचलं नव्हतं. गाडीत बसताना तिने आवाज न करता, नुसत्या ओठांनी विचारलं, काय झालंय? त्याने खांदे उडवले. ते उडवणं फार वाईट दिसलं असणार, कारण तिचे डोळे भरले. "माहीत नाही," तो हळूच म्हणाला. "काहीतरी झालंय एवढं तिने सांगितलं." समोर टेकवून ठेवलेल्या फोनकडे बोट दाखवलं. "आहे ती."

"अपू, आई आहे गं," हेमा म्हणाली.

"हं," फोन म्हणाला.

कुवारबाव गेलं. रस्त्याचं काम, धूळ, पुढचा डंपर. देवदत्तला वाटत होतं, आपण हे जे करतो आहोत ते बरोबर की पोरीला आणखी घाबरवणारं? घरी आणायचं म्हणजे हरली असं तिला वाटेल का? तिथेच ठेवायचं म्हणजे कशाच्या भरवशावर? डॉक्टर लागेल का? कसला? हेमा आधी काही वेळ नुसती बसून होती. ती तशी प्रश्नांची बाई, पण त्याने निघतानाच्या फोनवर एवढं सांगितलं होतं, की तिला काही विचारू नकोस. न विचारता आईने बोलायचं कसं? मग तिने गठ्ठा मागच्या सीटवर टाकला आणि बाहेर बघत, फोनकडे न बघता, शाळेच्या गॅदरिंगची गोष्ट सांगायला घेतली. सावित्री मॅडम स्टेजवर सूचना द्यायला उभ्या, आणि कुणीतरी पडद्याची दोरी ओढली, आणि मॅडमचा पदर पडद्यात. पडदा निघाला वर, मॅडम निघाल्या त्याच्यामागून चवड्यांवर, आणि तोंडाने सूचना चालूच. सांगता सांगता हेमाला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. फोन शांत होता. ऐकते आहे, देवदत्तला वाटलं. खेडशी मागे पडली. हेमा बोलत राहिली, मुलांनी कसा गोंधळ घातला, शिपाई हरिश्चंद्र शिडी घेऊन कसा धावला. फोन शांतच. ऐकते आहे. बोलायला हवंच असं नाही, आपणच म्हटलं होतं. कदाचित तिला झोप लागली असेल. चांगलंच आहे, झोपू दे. हेमानेही आवाज खाली आणला.

हातखंब्याला हायवे आला आणि इथून चिपळूणवरून जायचं की साखरप्यावरून, हे त्याने ठरवलंच नव्हतं असं त्याच्या लक्षात आलं. कितीतरी वेळा गेलेला रस्ता. मागून हॉर्न वाजू लागले. त्याने गाडी एका टपरीच्या कडेला घेतली आणि थांबला. हेमा बोलायची थांबली. दोघांनी फोनकडे बघितलं. स्क्रीन काळी होती.

"अपू?" हेमा म्हणाली.

त्याने फोन उचलला. रेंज गेली होती, आत्ता कुठे एक काडी परत येत होती. कॉल केव्हाच तुटला होता. कुठे, कुवारबावला की खेडशीला, त्याला काही सांगता आलं नसतं. पदर, पडदा, शिडी, यातलं कितीतरी हेमा कुणालाच सांगत नव्हती, आणि तो शेजारी बसून पोर ऐकते आहे म्हणून समाधान मानत होता. आपण पुन्हा तेच केलं. आज, आत्ता, एवढं सगळं कळल्यावरसुद्धा.  लावायला गेला तर बोट चुकीच्या नावावर पडलं. हेमाने त्याच्या हातातून फोन घेतला, आणि तिच्या हातात तो वाजला.

अपूर्वाचा होता. तिने आपण होऊन केलेला. असं शेवटचं कधी झालं होतं, दोघांनाही आठवत नव्हतं.

"हॅलो? किती वेळ लावतेय मी, लागतच नव्हता," आवाज चिडका होता, रडून जाड झालेला. "कट झाला मघाशीच. तुम्हाला कळलं पण नाही ना?"

"नाही गं कळलं," हेमा म्हणाली.

"मला कळलं." नाक ओढल्याचा आवाज आला. "मग? पडदा वर गेला, आणि मॅडम?"

देवदत्तने गाडीचं इंजिन बंद केलं. हेमाने डोळे पुसले, सीटवर नीट सरकून बसली, आणि तिने पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.